गोठ्याच्या दारातून : शिट्टी वाजवायची आणि थांबायचं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की तरुणपणी तीन हंगाम एका रेसकोर्सवर घोड्यांची लघवी गोळा करायचं काम केलं. झालं! एरवी म्हशीचं दूध का आटलं, करडाला जुलाब का लागले, असली पत्रं येतात. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं घोड्यांवर. संपादकबाई म्हणाल्या, "डॉक्टर, या महिन्यात घोडाच घ्या." घेतला. म्हशीवाल्यांनी महिनाभर दम धरावा.

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला आहे. सप्टेंबरात त्यानं रेसकोर्सवर नेलं. आयुष्यात पहिल्यांदा रेस बघितली आणि पाचशे रुपये घालवले. जिंकलेल्या घोड्याचा फोटो काढून झाल्यावर दोन माणसं त्याला वेगळीकडंच घेऊन गेली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "नेऊ देत, सगळं आधीच ठरलेलं असतंय." त्याला नेमकं कुठं नेतात? आणि खरंच ठरलेलं असतं का?
(सेवानिवृत्त बँक कर्मचारी, जुळे सोलापूर)

उत्तर : पाचशे रुपयांचं दुःख समजतं. परत मात्र देता येत नाहीत.

घोड्याला नेतात ती जागा म्हणजे माझी जुनी कचेरी. जिंकलेला घोडा तिथं येतो, आणि स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, सांगतील ते आणखी एक-दोन. हरलेला फेव्हरिट, म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेले असतात तो, त्यात बऱ्याचदा असतो, कारण घोड्याला जिंकवण्यापेक्षा हरवणं कितीतरी सोपं. जिंकवायला दहा गोष्टी जुळाव्या लागतात. हरवायला गुंगीच्या औषधाचा थोडा डोस किंवा जॉकीचा आखडता हात पुरतो.

धावून आलेलं जनावर घामानं निथळत असतं. त्याला फिरवून थंड करायचं, पाणी दाखवायचं, मग ताजा पेंढा टाकलेल्या खोलीत सोडायचं. पेंढा ताजाच का? कडक जमिनीवर मुतलं की शिंतोडे पायांवर उडतात आणि ते घोड्याला आवडत नाही. मऊ पेंढ्यात पाय रोवून, कंबर खाली घेऊन तो मोकळा होतो. मोतद्दार मंडळी घोडा मुतत असताना रोज शिट्टी वाजवतात, त्यामुळं शिट्टी आणि लघवीची गाठ त्याच्या डोक्यात पक्की बसलेली असते. म्हणून मोतद्दारानं हळू आवाजात शिट्टी वाजवायची आणि मी लांब दांड्याचं भांडं धरून कोपऱ्यात भिंतीसारखं उभं राहायचं. कधी पाच मिनिटं, कधी दीड तास. मधेच खोकला आला की घोडा कान वळवून बघणार आणि सगळं पहिल्यापासून. पशुवैद्यकाची पदवी घेतलेला माणूस भांडं धरून घोड्याच्या मर्जीची वाट बघतोय, हे सोलापूरला वडिलांना कळवलं नव्हतं.

नमुना मिळाला की दोन बाटल्यांत वाटायचा, सील करायचा. बाटलीवर घोड्याचं नाव नाही, नुसता आकडा. तबेल्याच्या माणसाची सही घ्यायची. एक बाटली तपासतात आणि दुसरी राखून ठेवतात, वाद झाला तर तीच कामाला येते. प्रयोगशाळेतल्या माणसाला घोडा कुणाचा हे ठाऊक नसतं. लघवी झालीच नाही तर मानेच्या शिरेतून रक्त.

आता ठरलेलं असतं का? एका संध्याकाळी एक गृहस्थ माझ्यासाठी चहा घेऊन आले. पांढरे बूट, तोंडात वेलदोडा. इकडचं-तिकडचं बोलून म्हणाले, "डॉक्टर, भांडं कधीकधी हातातनं सटकतंय की हो." मी चहा प्यायलो नाही, एवढीच माझी मर्दुमकी. वरिष्ठांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, नोकरी हंगामी होती. पण तुमच्या शेजारच्या गृहस्थांना एवढं सांगा, की सगळंच ठरलेलं असतं तर त्या पांढऱ्या बुटांना माझ्यासारख्या पोराकडं चहा घेऊन यायची गरज पडली नसती.

सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ ठरवला. त्या कौशल्यात घोड्याची जात, वजन, जॉकी, मागची कामगिरी हे सगळं वाचणं येतं. घोड्याच्या पोटात काय गेलंय हे मात्र कुठल्याच रेसबुकात छापत नाहीत.

प्रश्न : अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतीत जिंकलेला घोडा नंतर बाद केला, कारण काय तर अंगाला लावलेलं मलम, असं वाचनात आलं. खाजेच्या मलमानं घोडा जोरात पळतो काय? हा शुद्ध जाच वाटतो.
(निवृत्त शिक्षक, बार्शी)

उत्तर : गुरुजी, तो घोडा मेडिना स्पिरिट, शर्यत केंटकी डर्बी, साल २०२१. रक्तात बीटामेथासोन सापडलं, मिलिलिटरला २१ पिकोग्राम. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोग्राम. तुम्ही म्हणाल, ही तर समुद्रात टाकलेली चिमूट. प्रशिक्षक बॉब बॅफर्ट आधी म्हणाले, हे औषध आम्ही दिलंच नाही. मग म्हणाले, कातडीवरच्या चट्ट्याला मलम लावलं होतं, त्यात असेल. पुढं त्यांच्या वकिलांनी तपासण्या करून ते मलमातलंच आहे असं मांडलं. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये घोडा बाद झाला आणि मँडलून विजेता ठरला. मेडिना स्पिरिट तोवर उरलाच नव्हता. २०२१ च्या डिसेंबरात सरावानंतर तो कोसळून मेला. शवविच्छेदनात पक्कं कारण सापडलं नाही.

बीटामेथासोन तुमच्याही घरी असेल. औषधाच्या दुकानात खाजेची ट्यूब मागितली की बऱ्याचदा हेच हातात देतात. पण घोड्यांच्या दुनियेत त्याचा मोठा उपयोग सांध्यात. गुडघा सुजला की सुईनं आत सोडतात, सूज ओसरते, ठणका थांबतो. घोडा बरा झाल्यासारखा पळतो आणि झिजलेला सांधा आत आणखी झिजतो. म्हणून तिथला नियम असा की शर्यतीच्या दिवशी हे औषध अंगात नको म्हणजे नकोच. ट्यूबमधून आलं की सुईतून, याची सबब ऐकत बसलं तर उद्या प्रत्येक तबेल्यात एक रिकामी ट्यूब तयार ठेवतील. तुमच्या शाळेत चिठ्ठी सापडल्यावर "सर, ती माझी नव्हे, वाऱ्यानं आली" असं म्हणणारे होतेच की.

पण तुमच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नव्हे. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राणीची घोडी एस्टिमेट, अॅस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आलेली, मॉर्फीनसाठी दोषी निघाली. चंदीत खसखशीच्या झाडाचा, म्हणजे मॉर्फीन ज्यात असतं त्या अफूच्याच झाडाचा, अंश मिसळला गेला होता. आपण दिवाळीत अनारशावर थापतो तीच ही खसखस. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं हे मान्य झालं, तरी दुसरा क्रमांक काढून घेतला. राणीचासुद्धा! हा जाच मला मान्य आहे. जनावराला शिक्षा नाही, मालकाला तुरुंग नाही, फक्त निकाल पुसला. तेवढं चालतं.

प्रश्न : आमचे आजोबा स्टेशनवर टांगा चालवायचे. पहाटेच्या गाडीआधी घोड्याला बादलीभर कोमट चहा पाजायचे. ते डोपिंग म्हणायचं का हो?
(एक वाचक, लष्कर, सोलापूर)

उत्तर : रेसकोर्सवर, होय! चहात कॅफीन, चॉकलेटात थिओब्रोमीन, दोन्ही उत्तेजक, दोन्ही बंद. १९७९ मध्ये इंग्लंडात नो बॉम्ब्स नावाच्या घोड्यानं शर्यतीला जाताना आपल्या मोतद्दाराचा मार्स बार नावाचा चॉकलेटचा बार पळवून खाल्ला, शर्यत जिंकला आणि तपासणीत बाद झाला. आजोबांचा घोडा स्टेशन ते नवी पेठ पळत होता, त्यावर कुणी पैसे लावले नव्हते. आणि जाड्या साखरेच्या त्या चहानं घोड्यापेक्षा आजोबांनाच जास्त बरं वाटत असणार.

प्रश्न : बाजारातून पंचकल्याणी म्हणून घोडा घेतला. घरी आणून धुतला तर मागचा उजवा पाय तांबडा निघाला. विकणारा फोन उचलत नाही. हसू नका. रेसमध्ये असं होतं का?
(माळशिरस तालुका)

उत्तर : चार पाय पांढरे, कपाळ पांढरं तो पंचकल्याणी, आणि तुमचा निघाला चारकल्याणी. हसू नका म्हणालात तरी हसलो, माफ करा. घोडा घेताना देवमण बघतात, भोवरे मोजतात, दात उघडून वय काढतात आणि पायावर ओला फडका फिरवायचं तेवढं विसरतात. पुढच्या वेळी खिशात ओला रुमाल ठेवा. केसांचं मूळ बघा. रंगवलेला केस मुळाशी खरं सांगतो.

रेसमधला नामी किस्सा ऑस्ट्रेलियातला. १८ ऑगस्ट १९८४, ब्रिस्बेनचं ईगल फार्म. फाइन कॉटन नावाचा सुमार घोडा. त्याच्या जागी त्याच्याहून पुष्कळ वेगवान बोल्ड पर्सनॅलिटी उभा करायचा कट. अडचण एवढीच की दोघांचा रंग जुळेना. माणसांच्या केसांचा कलप लावला तर घोडा तांबूस झाला. फाइन कॉटनचे मागचे पाय पांढरे, म्हणून बोल्ड पर्सनॅलिटीचे पाय ऐनवेळी चक्क पांढऱ्या रंगाच्या फवाऱ्यानं रंगवले. पैसा इतका ओतला गेला की लावलेल्या एकाला तेहतीस मिळतील असा भाव एकाला साडेतीनवर आला. घोडा जिंकला खरा, पण घामाबरोबर पायावरचा रंग ओघळायला लागला आणि लोकच ओरडले, घोडा बदललाय! तुमच्या विकणाऱ्यानं निदान घरी पोचेपर्यंत टिकणारा रंग वापरला.

आता शर्यतीच्या घोड्याच्या मानेत मायक्रोचिप असते, आईबापाची नोंद स्टड बुकात असते, डीएनए तपासलेला असतो. त्यामुळं रंगाचा डबा निकामी झाला. बाजारातल्या घोड्याला मात्र यातलं काही नाही. पैसे देताना चिठ्ठीवर घोड्याचं वर्णन आणि सही घेतली असती तर आज काही हातात असतं.

प्रश्न : मी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेला माहीत असलेलंच औषध सापडणार ना? मग नवीन रेणू बनवणारे कायम पुढंच राहणार. या तपासणीचा उपयोग काय?
(विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : बाई, प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडं मागून सुरू करतो. १९०३ च्या सुमारास इंग्लंडात घोड्याला कोकेन देणं नियमाविरुद्धच नव्हतं. जॉर्ज लँबटन नावाचा प्रशिक्षक वैतागला. त्यानं वरच्या मंडळींना आधी सांगून आपल्या पाच सुमार घोड्यांना औषध दिलं. चार जिंकले, एक दुसरा आला. १९०४ मध्ये बंदी आली. पण सिद्ध कसं करायचं? ते १९१० मध्ये व्हिएन्नात जमलं, घोड्याच्या लाळेतून. म्हणजे नियम आधी आणि तपासणी सहा वर्षांनी. वरातीमागून घोडं तेव्हापासूनच आहे.

मग काय करतात, तर नेमका रेणू शोधण्याबरोबर त्याचं अंगातलं प्रमाणही मोजतात. कोबाल्ट या धातूचं बघ. तो ब जीवनसत्त्वात, बी-१२ मध्ये, असतोच. प्रत्येक घोड्याच्या अंगात थोडा असणार. जास्त दिला तर तांबड्या पेशी वाढतील या समजानं तो टोचायला लागले. बंदी घालणार कशी, जो मुळातच आहे त्यावर? म्हणून मर्यादा ठरवली. ऑस्ट्रेलियात आधी लघवीच्या लिटरला २०० मायक्रोग्राम, पुढं १००. वर गेलात की उत्तर द्या.

दुसरा उपाय, शर्यतीची वाटच बघायची नाही. स्टेरॉइड महिनोन्महिने आधी देतात. शर्यतीपर्यंत औषध निघून जातं, कमावलेले स्नायू राहतात. २०१३ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात न्यूमार्केटला गोडॉल्फिन नावाच्या बड्या तबेल्यात अधिकारी न सांगता गेले, ४५ घोड्यांचे नमुने घेतले, ११ दोषी निघाले. प्रशिक्षक महमूद अल झरूनीला आठ वर्षांची बंदी. हे शर्यतीच्या दिवशी कदाचित दिसलंच नसतं.

आणि तिसरा उपाय तुझ्या पुस्तकात नाही. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये सत्तावीस जणांवर खटले भरले गेले. त्यात जॉर्ज नवारो आणि जेसन सर्व्हिस हे नावाजलेले प्रशिक्षक होते आणि औषध बनवणारे-विकणारेही होते. माल असा बनवलेला की तपासणीत दिसू नये. पकडले कशावरून? फोनवरून. एफबीआय या तिथल्या तपास यंत्रणेनं त्यांचं बोलणं ऐकलं होतं. नवारोला पाच वर्षं, सर्व्हिसला चार वर्षं तुरुंग. औषध लपतं, पण त्याची बढाई मारल्याशिवाय माणसाला राहवत नाही.

तू औषधशास्त्र शिकतेस म्हणून एक जास्तीचं सांगतो. असल्या खटल्यात पशुवैद्य असतात, तुझ्या शाखेचे लोक असतात. घोड्याच्या मालकाला रेणू बनवता येत नाही.

प्रश्न : आमची खिलार जोडी आहे. शर्यतीला अंडी, दूध, तूप, बदाम चारतो. समोरचा म्हणतो हे पण डोपिंगच. खुराक कुठं संपतो आणि डोप कुठं सुरू होतं?
(सांगोला तालुका)

उत्तर : पाटील, अंडी चारा, तूप चारा, बैलाच्या पोटाला झेपेल तेवढं. तुमच्या समोरच्याला बदामाचा भाव खुपत असावा.

पण रेघ पदार्थावर काढता येत नाही. खायचा सोडा घ्या, भजीत घालतो तो. रेसच्या दुनियेत याला मिल्कशेक म्हणतात. शर्यतीच्या काही तास आधी नाकातून नळी घालून साखर-पाण्याबरोबर सोडा थेट जठरात सोडतात. हेतू असा की पळताना स्नायूत साठणारं आम्ल मारलं जावं आणि दम उशिरा लागावा. नळी चुकून फुप्फुसात गेली तर घोडा तिथंच संपला. आता तपासणीत रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि लिटरला ३६ मिलिमोलच्या वर गेला की दोषी. भज्यातला सोडा गुन्हा नाही, नळीतला आहे.

बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाची २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. ती परवानगी टिकावी असं तुम्हालाच जास्त वाटत असणार. जनावराला अपायकारक औषध देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात, कलम ११ मध्ये, तेव्हाही गुन्हा होता आणि आजही आहे. बैलाच्या नाकाला दारू लावणारे मी डोळ्यांनी बघितलेत. तुमच्या गावचे नसतील.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमची वरातीची घोडी हाय, नाचरी. आठ दिवसांपासून पुढच्या डाव्या पायानं लंगडती. तुळशीचं लगीन झालं की आमचा धंदा सुरू, पंधरा तारखा घेतल्यात, बयाणा घेतलाय. एक जण म्हणतोय, माणसाच्या दुकानातनं डायक्लोचं इंजेक्शन आणून ठोक, तासाभरात नाचती बघ. दुसरा म्हणतोय बूट पावडर दे. कोणतं देऊ? लेकरं हायत, बसून कसं चालंल?
(घोडीवाला, पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर : दोन्ही नको. आणि आता जरा सविस्तर वाचा, किंवा लेकरांकडून वाचून घ्या. तुमच्या पत्रासाठीच बाकीची पत्रं वर लवकर आटोपली.

डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं जातात. तशी लाखो गिधाडं संपली. बूट म्हणजे फिनाइलब्युटाझोन. ते घोड्याचं जुनं औषध आहे, डॉक्टरच्या हातात वाईट नाही. पण १९६८ च्या केंटकी डर्बीत डान्सर्स इमेज नावाचा घोडा याच औषधापायी पहिला येऊनही बाद झाला होता. का? त्यानं घोड्याला जास्तीचा वेग येतो म्हणून नव्हे. दुखणं कळत नाही म्हणून. लंगडणं म्हणजे घोडी तुम्हाला सांगतेय की या पायावर भार टाकू नका. औषधानं तिचं सांगणं बंद होतं, पाय तसाच राहतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती. सोलापुरात असाच एक घोडीवाला आला. पांढरी घोडी, शेपटीला मेंदी, पुढच्या पायाच्या नळीमागं कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, सूज, हात लावला की पाय उचलायची. रात्री वरात होती. माणूस गयावया करत होता. मी म्हणालो, आजच्या पुरतं देतो, उद्यापासून महिनाभर बसव. इंजेक्शन दिलं. दुपारी चारला घोडी चारही पाय टेकून उभी. त्यानं माझ्या पायाला हात लावला, तीनशे रुपये काढून ठेवले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

रात्री अकराला घरी माणूस आला. कन्ना चौकाजवळ वरात थांबलेली. बँड बंद, दिव्यांची गाडी मात्र जळतीय, जनरेटर धडधडतोय. बँडवाल्यानं ठेका वाढवला होता, घोडी पुढचे पाय उचलून आपटत नाचली होती आणि एका आपटण्याला कंडरा गेली. खुरावरचा सांधा, जो हवेत असायला पाहिजे, तो डांबराला टेकलेला. तरी घोडी पडली नव्हती. तीन पायांवर उभी, झूल अंगावर, आणि नवरदेव बाजूला पानटपरीच्या फळीवर बसलेला, मुंडावळ्या मागं टाकून. घोडीवाला मला काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

ती जगली, पण पुन्हा कामाला आली नाही. दुखत होतं तोवर ती स्वतःच पाय जपून टाकत होती. मी ते जपणं काढून घेतलं आणि वर तीनशे रुपये घेतले. रेसकोर्सवर तीन हंगाम दुसऱ्यांच्या बाटल्या सील करणारा मी.

आता तुमच्या घोडीचं. आधी खूर बघा. लंगडणाऱ्या घोड्याचं दुखणं बहुतेक वेळा खुरातच निघतं, लोक खांदा चोळत बसतात. नालबंदाला बोलावून डावा नाल काढायला लावा. आठ दिवसांपूर्वीच नाल मारला होता का, ते आठवा. एखादा खिळा आत जिवंत भागाला लागला असेल तर आठवड्यात पू धरतो. खुराची भिंत दोन्ही हातांनी धरून बघा, डावा उजव्यापेक्षा गरम लागतो का. खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवा, नाडी ठोके देत असेल तर दुखणं खाली आहे. खुरात पू असेल तर हे तुमच्या नशिबानं बरं दुखणं. डॉक्टर कापून पू काढतील, औषधपाणी करतील आणि काही दिवसांत घोडी पाय टेकेल.

खूर थंड असेल तर नळीमागं वरून खाली बोटं फिरवा, दोन्ही पायांना, डोळे मिटून. डावीकडं जाडी लागली, ऊब लागली, घोडी पाय ओढून घ्यायला लागली, तर ती कंडरा आहे. मग दिवसातून तीन-चार वेळा त्या पायावर गार पाणी, वीस-वीस मिनिटं, आणि चालणं फक्त पाणी पिण्यापुरतं. अशी कंडरा पंधरा दिवसांत भरत नाही, महिने लागतात. तुमच्या पंधरा तारखा तिच्याच्यानं होणार नाहीत. शेजारच्या घोडीवाल्याशी बोला, तारखा त्याला द्या, अर्धा पैसा ठरवा. सोलापुरात तुम्ही लोक एकमेकांना ओळखता. बयाणा बुडवल्याची बोंब होण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. आणि चंदी कमी करा, काम बंद असताना हरभरा तेवढाच चारला तर दुसरंच दुखणं उभं राहील.

तोवर कुणी कितीही सांगितलं तरी सुई नको, पावडर नको. वेदनेचं औषध लागलंच तर ते मी देईन, आणि ते घोडीला बसून राहायला सोपं जावं म्हणून, नाचायला नव्हे. आज पत्त्यावर कार्ड टाकलंय. मंगळवारी सकाळी आठच्या आत या, ऊन तापायच्या आधी. चालवत आणू नका, टेम्पोत घाला. नाल काढून आणा, आणि पायाला काही लेप-बिब लावला असेल तर आदल्या रात्री धुऊन टाका, मला सूज दिसली पाहिजे.